लोकार्पणानंतरचा प्रकल्प : जायकवाडी आणि पैठणचा डावा कालवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या धरणाची व कालव्याची कथा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. गेल्या अर्धशतकात वडीगोद्री परिसराची शेती, बाजारपेठ आणि त्या अनुषंगाने येथील व्यापारी वर्गाची आर्थिक घडण यांवर पैठणच्या डाव्या कालव्याइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही एका गोष्टीने केला नसेल. बाजरी, ज्वारी, तूर आणि कापूस यांच्या आडतीवर उभा असलेला हा मुलूख ऊस, मोसंबी आणि उन्हाळी पिकांचे व्यवहार करू लागला तो या पाण्यामुळे. दुसरे कारण योगायोगाचे आहे. जायकवाडी धरणाचे लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले. त्या दिवसापासून मोजले तर या प्रकल्पाचेही अर्धशतकच भरते.

अलीकडच्या व्यवस्थापनशास्त्रात प्रकल्पाच्या ‘जीवनचक्रा’ची चर्चा पुष्कळ होते. आधी कल्पना, मग सर्वेक्षण, त्यानंतर आराखडा व मंजुरी, पुढे उभारणी, लोकार्पण, चालवणूक, देखभाल आणि सरतेशेवटी फेरतपासणी, असे टप्पे त्यात सांगितलेले असतात. पुस्तकात हे टप्पे एकापाठोपाठ एक शिस्तीने येतात. जायकवाडीचा इतिहास वाचताना मात्र एक गोष्ट वारंवार जाणवते. काम एका टप्प्यावर बिघडते असे फारसे दिसत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बिघडते. सर्वेक्षण करणारे वेगळे, बांधणारे वेगळे, पाणी सोडणारे वेगळे आणि ते पाणी वापरणारे तर सर्वस्वी वेगळे. प्रत्येक वेळी कागद पुढे गेले, परंतु त्या कागदांमागील गृहीतके मागेच राहिली. प्रस्तुत लेखात या प्रकल्पाचा इतिहास याच दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या प्रकल्पाचे बीज निजामी राजवटीच्या हैदराबाद संस्थानात पडले. मराठवाडा तेव्हा त्या राज्याचा भाग होता आणि गोदावरी या प्रदेशाच्या मधोमध वाहत असूनही काठापासून दोन-चार कोसांवरची शेती मात्र पावसाच्या भरवशावर होती. बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ नदीवर धरण बांधावे, अशी मूळ योजना होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बारा वर्षांत या प्रदेशाची राजधानी हैदराबादहून मुंबईस गेली. त्याबरोबर धरणाची फाईलही गेली.

नव्या राज्यात योजनेचा फेरविचार झाला आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगास सुमारे शंभर किलोमीटरवर, पैठण येथे नेण्यात आली. जागा जितकी उंच तितका कालव्यांचा आवाका मोठा, हा त्यामागील साधा हिशेब होता. आज आपल्या परिसरास पाणी मिळते ते या एका निर्णयामुळे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण मूळ जागी धरण झाले असते तर त्याचे पाणी आपल्याहून कितीतरी खाली, परभणी-नांदेडच्या बाजूस गेले असते. नाव मात्र कागदोपत्री जे पडले होते तेच कायम राहिले. म्हणून बीड जिल्ह्यातील एका गावाचे नाव पैठणच्या धरणास मिळाले. पेढीची जागा बदलली तरी पाटी जुनीच राहावी, तसाच हा प्रकार. जलाशयाला पुढे ‘नाथसागर’ हे संत एकनाथांचे स्मरण करून देणारे नाव मिळाले. मुनिसुव्रतनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे आपणांस परिचित असलेले प्राचीन प्रतिष्ठान नगर अशा रीतीने विसाव्या शतकात जलसिंचनाच्या नकाशावर आले.

सर्वेक्षणाच्या टप्प्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वादांचे मूळ तेथे आहे. धरणात किती पाणी येईल याचा अंदाज घेताना नदीच्या मागील वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी पाहाव्या लागतात आणि वरच्या अंगास किती पाणी अडवले जाईल हेही गृहीत धरावे लागते. पैठणच्या वर, नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत, इंग्रजी अमदानीतच दारणा (१९१६) आणि भंडारदरा (१९२६) ही धरणे झाली होती व त्यांच्या कालव्यांवर उसाची शेती स्थिरावली होती. भावी धरणांसाठीही काही पाणी राखून ठेवले गेले. उरलेल्या पाण्यावर जायकवाडीचा आराखडा बेतला गेला. तत्कालीन नोंदींनुसार हा हिशेब चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु तो एकदाच मांडला गेला आणि पुढे कित्येक वर्षे ब्रह्मवाक्याप्रमाणे वापरला गेला. नंतरच्या अभ्यासांतून नदीतील उपलब्ध पाणी मूळ अंदाजापेक्षा कमी असल्याचे पुढे आले. दरम्यान वरच्या खोऱ्यात धरणांची संख्या वाढतच गेली. व्यापारी मनुष्य दिवाळीला वहीपूजन करून नवी वही घालतो आणि जुनी येणी तपासून घेतो. एवढा साधा व्यवहार येथे झाला नाही.

प्रकल्पास १९६४ मध्ये मंजुरी मिळाली आणि १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान स्व. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पाकिस्तानशी झालेल्या युद्धाची शस्त्रसंधी होऊन जेमतेम महिना लोटला होता, देशात अन्नधान्याची टंचाई होती आणि धरण हा त्या काळी धान्याचाच प्रश्न मानला जात असे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले. या प्रकल्पामागे सातत्याने उभे राहिलेले नाव मात्र स्व. शंकरराव चव्हाण यांचे. त्यांचा जन्म पैठणचा आणि कर्मभूमी नांदेड. राज्याचे पाटबंधारे मंत्री म्हणून त्यांनी या प्रकल्पाचा पाठपुरावा केला, आणि धरण राष्ट्रास अर्पण झाले तेव्हा ते मुख्यमंत्रिपदी होते. पायाभरणीपासून लोकार्पणापर्यंत अकरा वर्षेही लागली नाहीत. एकच माणूस वेगवेगळ्या पदांवर राहून एका कामाशी बांधलेला असणे, हे त्याचे एक मोठे कारण होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जेथे असा दुवा नव्हता तेथील कथा निराळी आहे. निळवंडे धरणाचे उदाहरण पुढे येईलच.

धरणाचे आकारमान आजही विस्मय वाटावा असे आहे. मातीच्या बांधासह त्याची लांबी सुमारे दहा किलोमीटर, सांडव्यावर २७ दरवाजे, एकूण साठवण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर म्हणजे सुमारे १०२ टीएमसी आणि त्यापैकी उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर. जलाशय भरला म्हणजे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी पसरते. उभारणीच्या मध्यावरच १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यात लाखो हात दुष्काळी कामांवर राबले, आणि पाण्याशिवाय या प्रदेशास गत्यंतर नाही ही गोष्ट कोणाला पटवून देण्याची गरज उरली नाही.

परंतु याच काळात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतील शंभराहून अधिक गावे पाण्याखाली जाण्याच्या वाटेवर होती. गोदाकाठची काळीभोर गाळपेराची जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, देवळे, घाट आणि बाजार हे सर्व सोडून लोकांना उठावे लागले. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. ज्या वर्षी धरणाचे लोकार्पण झाले त्याच वर्षी. म्हणजे कायदा होईपर्यंत गावे उठलेली होती. एखाद्या प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न हाती घ्यावा याचा क्रम चुकला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. लाभक्षेत्रातील आपण मंडळींनी बुडीत क्षेत्रातील या गावांचा उल्लेख सहसा करत नाही. तो या निमित्ताने व्हावा, म्हणून हे चार शब्द.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने प्रकल्प येथे पूर्ण झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो अद्याप सुरूही व्हायचा होता. धरणातून डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा कालवा १३२ किलोमीटर नियोजित होता. डाव्या कालव्यावर १,४१,६४० हेक्टर तर उजव्या कालव्यावर ४१,६८२ हेक्टर सिंचन अपेक्षित होते. उजव्या कालव्याचे पाणी पुढे सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणास जोडून प्रकल्पाचा दुसरा टप्पा आखला गेला. डावा कालवा पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून परभणी जिल्ह्याकडे जातो. वडीगोद्री त्याच्या वरच्या भागात येते, हे आपले भाग्य. कालव्याच्या जगात वरच्या आणि खालच्या गावांत जे अंतर पडते ते मैलांत मोजता येत नाही.

खरी परीक्षा मातीने घेतली. आपल्या भागातील काळी जमीन खोल आणि चिकण आहे. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात. अशा जमिनीतून जाणाऱ्या कालव्याचे अस्तर टिकवणे हे स्थापत्यशास्त्रापुढील कठीण काम आहे. अस्तरामागे मुरुमाचा पुरेसा थर नसेल तर जमिनीच्या फुगण्याने काँक्रीटच्या लाद्या सुटतात, झिरपा वाढतो आणि कालव्यालगतची शेते पाणथळ होतात. दुसरी अडचण शेतकऱ्याच्या अनुभवाची होती. जिराईत काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल धरून रब्बीची ज्वारी विनापाण्याने घेण्याची रीत येथे शेकडो वर्षांची. अशा शेतकऱ्यास खरिपात कालव्याचे पाणी घे असे सांगितले, तर ते त्यास संकटच वाटले. त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. निचरा नसलेल्या जमिनीत पाणी साचून पिके पिवळी पडली, काही ठिकाणी जमिनी क्षारपड झाल्या. आराखडा तयार करताना हेक्टरांची बेरीज अचूक केली गेली, परंतु शेतकऱ्याशी बोलणे लोकार्पणानंतर सुरू झाले.

ही त्रुटी शासनाच्या लक्षात आली नाही असे नाही. १९७४ पासून लाभक्षेत्र विकास प्राधिकरणाची रचना अस्तित्वात आली. जमीन सपाटीकरण, शेतचाऱ्या, निचऱ्याचे चर आणि शेतकऱ्यांचे मार्गदर्शन ही कामे या यंत्रणेकडे आली. १९७७ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसहाय्यात जायकवाडीचा समावेश झाला आणि कालवे व चाऱ्यांच्या कामास गती मिळाली. १९८० मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे सर्वपरिचित ‘वाल्मी’, स्थापन झाली. धरण बांधण्याचे शास्त्र आपणांस येते, पाणी वाटण्याचे शिकावे लागेल, याची ती जाहीर कबुलीच म्हणावी लागेल. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या पदरात हा कालवा आणि त्याचे सगळे प्रश्न आयतेच पडले.

आता चालवणुकीकडे वळू. कालव्याचे पाणी हवे असलेल्या शेतकऱ्याने ‘नमुना नंबर सात’ भरून मागणी नोंदवायची, शाखा कार्यालयाने ती मंजूर करायची, पाळीपत्रक तयार व्हायचे आणि पाटकऱ्याने शेजपाळीप्रमाणे एकेका शेतास पाणी द्यायचे, अशी ही पद्धत. कागदावर तिच्यात दोष काढणे कठीण आहे. शेजपाळीचा नियम चारीच्या शेवटाकडून वर येण्याचा, म्हणजे टेलच्या शेतकऱ्यास आधी पाणी. व्यवहारात मात्र वरच्या शेतकऱ्याचे दार कालव्याला लागून असते, आणि आवर्तन सुटल्यावर रात्रीच्या वेळी चारीवर कोण उभा आहे यावर पुष्कळ काही ठरते. ज्यांची शेती टेलवर आहे त्यांना याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

त्यात उसाची भर पडली. अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या भागाचे रूप पालटले. पक्के रस्ते, शाळा, बँकेच्या शाखा, खताची व कापडाची दुकाने यांत आलेली भरभराट आपण सर्वांनी पाहिली आहे व तिचा लाभही घेतला आहे. परंतु मूळ आराखड्यात बारमाही पिकांना अल्पसा वाटा होता. मुख्य भर खरीप, रब्बी व दुहंगामी पिकांवर होता. ऊस आणि मोसंबी वाढली तसे तेच पाणी थोड्या शेतांत अधिक काळ मुरू लागले, आणि परभणीकडील शेवटच्या चाऱ्यांपर्यंत पोहोचणारे पाणी आटले. यास केवळ वरच्या शेतकऱ्याचा लोभ म्हणून मोकळे होता येत नाही. पाण्याची खात्री नसेल तर शेतकरी भाव निश्चित असलेले पीक धरतो. कारखाना ऊस घेतो, हे त्यास ठाऊक असते. पुढचे आवर्तन कधी सुटेल, हे ठाऊक नसते.

चालवणुकीत केवळ टंचाईच येते असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि पैठण शहरासह खालची गोदाकाठची गावे पुराच्या पाण्यात सापडली. शेतकरी म्हणतो धरण काठोकाठ भरावे. नदीकाठचे गाव म्हणते पुरासाठी जागा रिकामी ठेवावी. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेस पाण्याची पातळी किती असावी याचे वेळापत्रक असते, परंतु वर्षानुवर्षे न भरणारे धरण हाती असताना ऑगस्टमध्ये पाणी सोडून देण्याचे धैर्य कोणत्या अभियंत्यास व्हावे? आणि पुढे पाऊसच आला नाही, तर त्यास जाब कोण विचारील, हेही त्यास ठाऊक असते. हा पेच आराखड्याच्या टप्प्यात सुटत नाही. तो दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो.

देखभालीविषयी थोडक्यात. नव्या कामाचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही. म्हणून निधीही नव्या कामाकडे वळतो, हा अनुभव शासनात जसा आहे तसाच सार्वजनिक संस्थांतही आहे. कालव्यात गाळ व झुडपे वाढली, अस्तर निखळले, चाऱ्यांची दारे मोडली, पाटकऱ्यांच्या जागा रिक्त राहिल्या. १९९८ मध्ये गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. १९९९ मध्ये डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाचा अहवाल आला. २००५ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण केले. दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी संस्थेने गोळा करायची, आतले वाटप आपसांत ठरवायचे, अशी ही कल्पना. जेथे चारी दुरुस्त करून, मोजमापाचे साधन बसवून मग संस्थेच्या हाती दिली, तेथे काम बरे चालले. जेथे मोडकी चारी आणि कागदी संस्था एकाच दिवशी शेतकऱ्याच्या स्वाधीन केली, तेथे काय झाले हे सांगावयास नको.

उरते ती फेरतपासणी. तिला सुरुवात झाली ती स्वखुशीने नव्हे, दुष्काळाच्या रेट्याने. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये नाथसागराचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून तहान भागवण्याची वेळ आली. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. वीस वर्षे जपलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. मूळ शेतीसाठी बांधलेल्या धरणावर एव्हाना औरंगाबाद व जालना ही शहरे आणि औद्योगिक वसाहतीही विसंबून होत्या, आणि टंचाईत पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम असल्याने कालव्याचा क्रमांक शेवटचा लागू लागला. वरच्या धरणांत पाणी आणि खाली कोरड, या परिस्थितीवर मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र सुचवले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा त्याचा स्थूल आशय. १९६४ मध्ये ज्या पाण्याचा हिशेब मांडला गेला होता त्याची वही अशा प्रकारे पन्नास वर्षांनी पुन्हा उघडली गेली.

मधल्या काळात पैठणखालील कोरड्या पडलेल्या गोदापात्रात आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी अशी उच्च पातळी बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली. मूळ आराखड्यात नसलेली ही ठिगळे. परंतु अंबड व घनसावंगी तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना त्यांचा आधार झाला, हे मान्य करावे लागेल.

आणि निळवंडे. प्रवरा नदीवरील या धरणाची कल्पना १९७० सालची. त्याच्या डाव्या कालव्याच्या जाळ्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, सिन्नर या दुष्काळी गावांनी त्रेपन्न वर्षे त्या पाण्याची वाट पाहिली होती. त्यांच्या आनंदात कोणी उणे काढू नये. त्याच पंधरवड्यात जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असल्याने नाशिक व अहमदनगरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या जिल्ह्यांत त्यास विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले, मराठवाड्यात ठिकठिकाणी आंदोलने झाली. नोव्हेंबरअखेर वरच्या धरणांचे दरवाजे उघडले. सोडलेल्या पाण्यापैकी काही वाटेतील कोरड्या पात्रात मुरले आणि उरलेले नाथसागरात पोहोचले.